बुटकीची खरी जागा

माझी धाकटी जाऊ एकदाही डोंगर न चढता त्या डोंगराची तज्ज्ञ झाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कुठल्या पोटदुखीतून घडलं ते कळेल.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो. ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या. नोकरीही एकाच ठिकाणी, वनस्पतींच्या संशोधन केंद्रात. मी तिथली रोपवाटिका सांभाळते, आणि एकोणीस वर्षं एका झाडाची मोजणी करते आहे. झाड म्हणायचं ते आपलं म्हणायला, उंची सगळी मिळून दोन बोटं. दगडाच्या फटीत, उत्तरेच्या अंगाला, जिथे सकाळचं धुकं उशिरापर्यंत रेंगाळतं तिथेच ते राहतं. वर्षातून जेमतेम दोन आठवडे त्याला पांढरं फूल येतं, शर्टाच्या बटणाएवढं. शास्त्रीय नाव दीड ओळीचं आहे. मी तिला बुटकी म्हणते. जगात ती आमच्या या एका डोंगरावर सोडून कुठेही नाही.

पहिल्या वर्षी मी चारशे बारा बुटक्या मोजल्या होत्या, गेल्या वर्षी शहाण्णव. आधी खालच्या फटी रिकाम्या झाल्या, मग मधल्या. ऊन वाढलं, धुकं लवकर उठायला लागलं, आणि बाईसाहेब एकेक पायरी वर सरकायला लागल्या. मला हे दिसत नव्हतं असं अजिबात नाही. दरवर्षी मोजायला थोडं जास्त चढावं लागायचं, ते काय माझ्या पायांना कळत नव्हतं? पण मी वहीत आकडे लिहायचे आणि घरी यायचे. त्याचं भाषण करता येतं, हे मला सुचलंच नाही.

धाकटीला सुचलं. ती दोन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात लागली. तिचं काम संगणकावर. झाड आजवर कुठे कुठे सापडलं त्या जागा संगणकाला द्यायच्या, तिथलं तापमान, पाऊस, उतार द्यायचा. मग तो सांगतो की हे झाड आज कुठे जगू शकेल आणि पन्नास वर्षांनी हवा तापली की कुठे. जगण्यासारखी जागा नकाशावर हिरवी दिसते. तिने केंद्राच्या नोंदवहीतून बुटकीच्या सगळ्या जागा उचलल्या, म्हणजे माझ्याच एकोणीस वर्षांच्या नोंदी, आणि दोन महिन्यांत नकाशा तयार केला.

सभागृहात तिने तो पडद्यावर दाखवला. डोंगराच्या मधल्या उतारावर, पाण्याच्या टाकीच्या वर, चांगला तळहाताएवढा हिरवा पट्टा होता. पन्नास वर्षांनंतरच्या नकाशातही तो हिरवाच राहिला होता. टाळ्या पडल्या. संचालक उठून म्हणाले, "एकोणीस वर्षांत जे आपल्याला कळलं नाही ते हिने दोन महिन्यांत दाखवलं." मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "आता तुम्हाला दरवर्षी एवढं चढायची गरज उरणार नाही, बाई."

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मीही टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला?

घरी त्याहून कहर झाला. जेवताना आमच्या ह्यांनी धाकटीला विचारलं, "मग ते झाड जगेल म्हणतेस?" ती भराभर सांगायला लागली आणि हे हातातला घास हातात धरून ऐकत राहिले. एकोणीस वर्षांत ह्यांनी मला बुटकीच्या फुलाचा रंगसुद्धा विचारला नव्हता. गुडघे शेकायला पिशवी मात्र न सांगता गरम करून द्यायचे, ते नाकारत नाही. पण त्या रात्री मला ती पिशवी नको होती. मला तो एक प्रश्न हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी तो नकाशा माझ्या संगणकावर उघडला. खोट काढायच्याच हेतूने उघडला, उगाच सोवळेपणा कशाला? आणि खोट सापडली. माझ्या नोंदींचे सगळे ठिपके पाण्याच्या टाकीभोवती बसले होते. टाकीपाशी मी आयुष्यात एकही बुटकी पाहिलेली नाही.

कारण मला लगेच कळलं. कारण मीच होते.

मी नोकरीला लागले त्याच्या आधी एका चोराने आमची नोंदवही वाचून दुसऱ्या एका दुर्मीळ फुलाचा अख्खा उतार एका दिवसात खणून नेला होता. असली झाडं विकत घेऊन घरात मिरवणारे लोक असतात. तेव्हापासून आमच्या जुन्या साहेबांनी शिस्त घालून दिली. दुर्मीळ झाडाची खरी जागा नोंदवहीत लिहायचीच नाही. ती ठरावीक अंतराने खाली सरकवून लिहायची आणि समोर लाल पेन्सिलीने फुली मारायची. फुली दिसली की समजायचं, ही जागा खरी नाही. खरी जागा मोजणाऱ्याच्या स्वतःच्या वहीत. बुटकीला आम्ही अडीचशे मीटर खाली आणलं होतं. पुढे जुने साहेब वारले, नोंदवही संगणकात चढवली गेली, चढवणाऱ्याने आकडे उतरवले आणि फुल्या कागदावरच राहिल्या. आता ही गोष्ट जगात मला एकटीला माहीत होती.

अडीचशे मीटर म्हणजे थोडं थोडकं नाही. खाली हवा गरम असते. संगणकाला वाटलं, हे झाड गरम हवेतलं आहे, याला कसली भीती! म्हणून पन्नास वर्षांनंतरही हिरवं.

वर जिना चढून तिला सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. पण सांगून काय झालं असतं? तिने चूक सुधारली असती, आणखी चांगला नकाशा केला असता, आणखी टाळ्या घेतल्या असत्या. आणि हे पुन्हा घास हातात धरून बसले असते. मी मूग गिळून बसले. येऊ दे एकदा तोंडघशी, मग बघू, असं मनाशी म्हटलं. हे शब्द मी तेव्हा मनात अगदी असेच म्हटले होते.

रोपवाटिकेत माझ्याकडे अठ्ठावन्न रोपं होती. तीन वर्षं जपलेली, बियांपासून वाढवलेली. त्या वर्षी डोंगरावर एकाही बुटकीला बी धरलं नव्हतं, म्हणजे ही अठ्ठावन्न गेली तर पुढची कुठून आणणार? ठरलं असं, की हिवाळा संपताना त्यातली वीस हिरव्या पट्ट्यात लावायची. टाकी जवळ, रस्ता जवळ, सगळ्यांना सोयीचं. संचालक खूश होते.

रोपं घेऊन मीच गेले. धाकटीही आली, नवे कोरे बूट घालून. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "ताई, इथे आधीची एकपण बुटकी दिसत नाही. असायला हवी ना?"

"फूल नसलं की ती दिसतच नाही," मी म्हटलं.

"मग तुम्हाला कशी दिसते?"

"एकोणीस वर्षांची सवय."

तिला ते पटलं. इतकंच नाही, तिच्या तोंडावर माझ्याबद्दल आदर उमटला. मी खाली बसून वीसही रोपं माझ्या हातांनी लावली, आणि एकेक लावताना मला ठाऊक होतं की हे मरणार आहे. याहून वाईट काही मी केलेलं नाही.

उन्हाळ्याच्या पहिल्या झळांत सात गेली. महिन्याभरात वीसही.

खरं सांगते, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. संचालकांनी धाकटीला बोलावून घेतलं, ती लाल डोळ्यांनी बाहेर आली, आणि मी कुंड्यांना पाणी घालत होते ती घालत राहिले. नकाशेवाली नकाशेवाली म्हणून डोक्यावर घेतली होती ना, आता उतरवा, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"ताई, माझं कुठे चुकलं असेल? मी सगळं चार वेळा तपासलं. पावसाचे आकडे तपासले, उताराचे तपासले. तुमच्या नोंदी सोडून सगळं पुन्हा केलं."

"माझ्या का सोडल्यास?"

"त्या काय तपासायच्या? त्या तुमच्या आहेत."

मी भाजी चिरत होते. म्हटलं, "नाजूक जात आहे गं. मरतात रोपं." तिने मान हलवली आणि वर निघून गेली. भाजी चिरून संपल्यावरही मी रिकामी विळी धरून बसून राहिले. मला तिची कीव आली असं म्हणणार नाही. राग आला. माझ्यावर इतका विश्वास ठेवायला हिला सांगितलं कुणी?

उरलेल्या अडतीस रोपांचं काय, यावर बैठक झाली. संचालक म्हणाले, नकाशा शास्त्रशुद्ध आहे, काळजी कमी पडली. या वेळी वर जाळी बांधू, पाणी वाढवू, आणि सगळी तिथेच लावू. धाकटी म्हणाली, मी स्वतः रोज पाणी घालायला जाईन. मी बैठकीत होते. माझ्यासमोर चहा होता, तो मी पीत होते.

लावायच्या आदल्या दिवशी ती रोपवाटिकेत मदतीला आली. रोपं खोक्यात भरायची आणि प्रत्येकाच्या दांडीला नंबराची चिठ्ठी बांधायची होती. मी पहिली चिठ्ठी उचलली आणि एक लिहिला.

"एकवीसपासून लिहू या ना, ताई," ती म्हणाली. "पहिल्या वीस जणींचे नंबर दुसऱ्यांना नको द्यायला."

मी पेन खाली ठेवलं. ही बाई, जिने बुटकीचं फूल अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तिने मेलेल्या रोपांचे नंबर राखून ठेवले होते. आणि मी, जिने त्यांना तीन वर्षं थेंबाथेंबाने पाणी पाजलं होतं, मी त्यांना मारायला घेऊन गेले होते. मला वाटत होतं बुटकी माझी आहे. त्या क्षणी मला धाकटीचा असा हेवा वाटला, की तो लपवून ठेवणं मला जमेचना.

"ही खोकी भरू नकोस," मी म्हटलं. "नकाशा चुकलाय. मला माहीत आहे का चुकलाय."

मी सगळं सांगितलं. चोर, लाल फुली, अडीचशे मीटर. ती ऐकत होती. मधेच तिने हातातलं रोप अगदी सावकाश खाली ठेवलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"सभेच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे लावायच्या आधी?"

"हो."

"मी तिथे तुम्हाला विचारलं होतं, ताई. एकपण दिसत नाही म्हणून विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंस."

"का?"

आता काय सांगणार? सांगितलं. "तुझ्यासाठी टाळ्या वाजल्या, म्हणून."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं, मी तयारीही करून ठेवली होती. ती ओरडली नाही. "वीस रोपं, ताई," एवढंच म्हणाली, आणि मग नाक पुसून म्हणाली, "तुमची वही कुठे आहे?"

वही घरी माझ्या कपाटात, साड्यांखाली. त्या दुपारी मी पहिल्यांदा तिच्या कामाच्या खोलीत बसले. मी आकडे वाचत होते, ती भरत होती. एकोणीस वर्षांच्या खऱ्या जागा भरायला पावणेतीन तास लागले. तेवढ्या वेळात आम्ही आकड्यांशिवाय एक शब्द बोललो नाही. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात एक आशा होती. खऱ्या जागा भरल्या की खरा हिरवा पट्टा दिसेल, वर, माझ्या फटींपाशी, आणि निदान एवढं तरी म्हणता येईल की माझ्या वहीने बुटकी वाचवली.

नकाशा आला. आजच्या नकाशावर माथ्यापाशी नखाएवढा हिरवा ठिपका होता. मग तिने पन्नास वर्षांनंतरचा काढला. त्यात काहीच नव्हतं. मला वाटलं अजून रंग भरतोय.

"थांब, पूर्ण होऊ दे," मी म्हटलं.

"झालाय पूर्ण."

"मग हिरवं कुठे आहे?"

"डोंगर आणखी दोनशे मीटर उंच असता तर असतं." तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं, माथ्याच्या वर, जिथे नुसतं आकाश होतं. "इथे. ती वर वर जाणार आणि डोंगर संपणार. वीस वर्षं, फार तर."

मी त्या रिकाम्या नकाशाकडे बघत राहिले. इतके दिवस मी चुकीच्या नकाशावर जळत होते, आणि त्या चुकीच्या नकाशात निदान बुटकी जगत तरी होती. शेजारी धाकटी रडत होती. तिला रडताना बघायची मला किती महिने हौस होती! आता ती माझ्या हाताच्या अंतरावर रडत होती आणि मला तिच्या पाठीवर हात ठेवायचीही सोय राहिली नव्हती.

तिने डोळे पुसून नकाशाचा आवाका वाढवला. आमचा डोंगर लहान होत होत ठिपका झाला, शेजारचे जिल्हे आले, पठार आलं. फार वर, उत्तरेकडे, दोन दिवसांच्या प्रवासावर असलेल्या एका पर्वतरांगेत एक हिरवी रेघ दिसली. पन्नास वर्षांनंतरही ती तशीच होती. तिथे बुटकी कधीच उगवलेली नव्हती. इतक्या लांब तिच्या बिया जाणार कशा? कुणीतरी उचलून न्यायलाच हवं होतं.

"साहेबांना मी काही सांगणार नाही," धाकटी म्हणाली. "तुम्ही सांगा."

मी सांगितलं. एवढ्या वर्षांच्या कामामुळे संचालक मला नोकरीवरून काढणार नव्हते, रोपवाटिकाही माझ्याकडेच राहणार होती. "पण बुटकीच्या कामात तुम्ही नको, बाई," ते म्हणाले. "मोजणीत नाही, लावणीत नाही. तिच्या जवळपाससुद्धा नको." मी बरं म्हणून बाहेर आले. मी त्यांच्या जागी असते तर याहून कडक शिक्षा केली असती.

परवानग्या मिळायला पाच महिने गेले. घरात धाकटी माझ्याशी कामापुरतं बोलायची. दूध आलं का, किल्ली कुठे आहे. ह्यांना मी सगळं सांगितलं होतं. हे गुडघ्यांची पिशवी पूर्वीसारखीच गरम करून देत राहिले, आणि तेच मला जास्त लागायचं. मग एके दिवशी अडतीस रोपं आणि धाकटी निघून गेली. खोकी गाडीत चढवताना मी फाटकाबाहेर उभी होते. खोकी निघेपर्यंत आत जायची मला मनाई होती.

चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे वारा घोंगावत होता.

"ताई, लावायला घेतोय. मुळं पसरून लावायची की सरळ?"

"सरळ. आणि दगड उत्तरेचाच निवड."

"निवडलाय."

"थंडी आहे का तिकडे?"

"दात वाजतायत."

आमच्याकडे पंखा गरम हवा फिरवत होता. मला तिच्या वाजणाऱ्या दातांचाही हेवा वाटला. आणि त्याच वेळी मला आठवलं, की एक गोष्ट तिने विचारलेली नाही. विचारणार तरी कशी, तिला माहीतच नव्हती. बुटकीची मान, म्हणजे दांडी मुळांना जुळते ती जागा, मातीत गाडली की ती आठवड्यात कुजते. मान उघडी ठेवून भोवती बारीक खडे दाबायचे असतात. हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी पहिली चार वर्षं रोपं कुजवून हे शिकले आहे. नवखा माणूस हमखास मानेपर्यंत माती ओढतो.

"ऐक," मी म्हटलं, "मान गाडू नका." आणि सगळं सांगितलं. खडे केवढे, किती दाबायचे, पाणी कुठून घालायचं, पहिल्या दिवशी किती आणि दुसऱ्या दिवशी का नाही. भराभर, न थांबता सांगितलं. ती हं हं करत लिहून घेत होती.

"अजून काही राहिलंय का, ताई?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. काही राहिलेलं नाही."

मग तिने फोनवर हात धरला असावा, पण वाऱ्यातूनही मला तिचं शेजारच्या कुणाशी तरी बोलणं ऐकू आलं. "ताई असं म्हणतायत, मान उघडी ठेवा. पण लावायच्या आधी एकदा तुमच्या इथल्या माळ्याला विचारून घ्या. तो हो म्हणाला तरच."

बरोबरच होतं तिचं. मीही तेच केलं असतं. तो माळी कोण, कसा, त्याने कधी बुटकी पाहिली तरी होती का, मला काही माहीत नाही. पण त्याच्या शब्दावर माझी अडतीस रोपं लागणार होती, आणि मला त्याचा जो हेवा वाटला तसा धाकटीचाही कधी वाटला नव्हता.